शेबवानाची वाट
मोंबासा

प्रिय सोमोए,

सलाम. पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. आपला मुलगा शेबवाना गलबत घेऊन मला न्यायला पोचला की मगच लिहू, असं म्हणत राहिलो. माझा डोळा आता बरा आहे. तू वेळेवर जेवतेस ना?

लामूहून इथवर एरवी चार दिवस. दक्षिणेचा वारा तोंडावर, म्हणून मी आठ धरले. लाटा उंच, म्हणून दहा. आज पंधरावा. धक्क्यावरचे म्हणतात, "नाखवा, तुमच्या लाटा रोज वाढतात!" मीही हसतो.

मागच्या वर्षी तो अर्ध्यातून वळला, तेव्हा मी त्याला भित्रा म्हणालो होतो. आता नाही म्हणणार. वळला असेल तर वारा पाठीशी घेऊन दोन दिवसांत घरी आला असेल. आला असेल तर लगेच कळव.

तुझा,
फामाऊ