मॉनिटरची तिसरी जोडी

३ फेब्रुवारी

मोठे मॉनिटर दुकानात परत! आठ इंची स्पीकर आमच्या स्टुडिओच्या खोलीला झेपले नाहीत. बास वाजला की कपाटाचं दार थरथरायचं. वहिनी आतून ओरडली, "गाणं आहे की भूकंप?" दादा हसला नाही. "शिवाय मंद आहेत," म्हणाला. "ट्रेबल, वरचा बारीक आवाज, झाकतात." मला तसं वाटलं नव्हतं. पण मिक्सिंग त्याचं. माझ्याकडे रेकॉर्डिंग, वायरी आणि चहा.

४ फेब्रुवारी

गायिकेचा फोन. तिचा पहिला अल्बम. आमचं मिक्स तिने पुन्हा परत पाठवलंय. "दादांना सांग ना, माझा प्रत्येक 'स' सुईसारखा टोचतो. गाडीत तर ऐकवत नाही." आणि शेवटी — "अजून एकदाच हं. नाहीतर मी दुसरीकडे देईन. राग मानू नका."

दादाचं निदान ठाम: दोष स्पीकरचा. स्पीकर मंद असले की माणूस ट्रेबल वाढवत बसतो, आणि बाहेर ते टोचतं. मॉनिटरने गोड नाही, खरं बोलावं. पटण्यासारखं आहे.

९ फेब्रुवारी

दुसरी जोडी. पाच इंची. भिंतीपासून हातभर पुढे ओढले, कानाच्या उंचीला यावेत म्हणून खाली शब्दकोशाचे खंड. कपाट गप्प. बास आवरता, नेटका. पण काही वाजत नसतानाही दोन्हींतून बारीक सळसळ येते. दादाला सांगितलं. त्याने डाव्याला कान लावला, मग उजव्याला.

"कुठे? शांत तर आहेत."

मी पुन्हा ऐकलं. येत होती. "भास असेल," म्हणालो.

१० फेब्रुवारी

भास नव्हता.

१३ फेब्रुवारी

दादाचं नवं मिक्स. 'स' आणखी टोकदार! मी जपून म्हटलं, "ट्रेबल जरा उतरवू या का?"

"अरे, आधीच ती गोधडीखालून गातेय!"

म्हणजे हीही जोडी परत. आणि हे मिक्स असंच गेलं तर गायिकाही गेली. सांगायला हवं. कुणी? मीच. माझा कान त्यानेच तयार केला — कधी पिळून. त्याला कोणत्या तोंडाने सांगू, की तुला आता वरचं ऐकू येत नाही? तोंड उघडतो आणि वायरींबद्दल बोलतो.

वहिनीने विचारलं, "तुमचं दोघांचं भांडण झालंय का?" नाही म्हटलं.

१७ फेब्रुवारी

दुकान. दुकानदाराने आम्हाला पाहून हात जोडले. "खरेदीला येता की माझा छळ करायला?" तरी तिसरी जोडी लावून दिली. वरचा आवाज काढणारे ट्वीटर रेशमी कापडाचे, स्वच्छ, कुठेही आक्रस्ताळेपणा नाही. मला आवडली. दादा डोळे मिटून बसला.

"यात तरी सगळं येतं?"

"अहो, मुंगी चालली तरी ऐकू येईल!"

दादाने आणखी एक गाणं लावायला सांगितलं. मग आणखी एक. शेवटी म्हणाला, "बांधा." परतताना खोकं स्वतःच्या मांडीवर घेऊन बसला.

१९ फेब्रुवारी

दादाने माझ्यासमोरच गायिकेला फोन लावला. "या वेळी मिक्स धाकटा करेल. मला वरचं ऐकू येत नाही."

फोन ठेवून माझ्याकडे वळला. "तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या जोडीच्या वेळी."

"मला पहिली आणायच्या आधीच."