तीन पायऱ्या आणि एक भटका ठिपका

आदरणीय दादा,

नमस्कार. नेहमीचाच, पण या वेळी जरा जास्त वाकून केलेला आहे, कारण मजकूर तुमच्या वडिलांविषयी आहे. तुमची तब्येत बरी असेल, वहिनींची दाढ दुखायची थांबली असेल आणि धाकटीची परीक्षा तुम्हा दोघांना फारशी जड गेली नसेल, असं धरून चालतो. इकडे सगळे ठीक. तुमची बहीण ठीक, आई तर इतक्या ठीक आहेत की आम्हीच जरा बिचकून असतो. बाबा मध्यंतरी माझ्याशी बोलत नव्हते. आता बोलतात, आणि काळजीची गोष्ट खरं तर तीच आहे. (हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण माझा फोन हल्ली माझ्याकडे नसतो. का, ते पुढे येईलच.)

तुम्हाला माहीत आहे, मी पालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी करतो. माझं काम बसून होतं. ज्यांची नोंद करायची ते स्वतः येतात किंवा त्यांच्या वतीने कोणी येतं. मी उठून त्यांच्याकडे जायचा प्रघात नाही. पण मध्यंतरी साहेबांच्या मनाने घेतलं की फुटपाथवर चालणाऱ्याला जिथे जिथे अडथळा होतो ती प्रत्येक जागा नकाशावर यायला हवी, म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसांना रस्ता मोकळा करून देता येईल. विचार चांगलाच होता. त्यासाठी एक ॲप मिळालं, आणि ते फुकट होतं. आमच्या कचेरीत फुकट या शब्दापुढे कोणी काही विचारत नाही. ॲप फुकट म्हणून फोन ज्याचा त्याचा, आणि फोन ज्याचा त्याचा म्हणून पायही ज्याचे त्याचे, असं करत करत ते काम माझ्यापर्यंत आलं. वर मला आळी दिली ती बाबांच्या दुकानाची. तिथे माझी सासुरवाड, सगळे ओळखीचे, तेव्हा काम सोपं जाईल, असं साहेब म्हणाले. साहेबांचं लग्न झालेलं नाही.

शिकवायला एक तरुण मॅडम आल्या. काम ऐकायला सोपं. अडथळ्यापाशी जाऊन उभं राहायचं. नकाशावर आपल्याभोवती एक निळं वर्तुळ दिसतं. आपण या वर्तुळात कुठेतरी असू, अशी फोनची तेव्हा समजूत असते. आपण हलायचं नाही. फोनची खात्री पटत जाते तसतसं वर्तुळ आकसतं, पुरेसं आकसलं की बटण दाबायचं, की लाल ठिपका पडतो. मग यादीतून अडथळ्याचा प्रकार निवडायचा, दोन ओळी वर्णन लिहायचं आणि फोटो काढायचा. फोटोशिवाय नोंद पुढे सरकत नाही. घाईने मोठ्या वर्तुळातच बटण दाबलं तर ठिपका भलतीकडे पडतो. (सरावात माझा पहिला ठिपका नदीत पडला. मॅडम म्हणाल्या, सगळ्यांचाच पडतो. आमचे लेखापाल मात्र नदी ओलांडून पलीकडच्या शेतात निघाले होते.)

आता, दादा, भरदिवसा दुसऱ्याच्या दारासमोर फोन छातीशी धरून न हलता उभं राहून पाहा. मी न्हाव्याच्या दुकानासमोर उभा होतो तेव्हा आत बसलेल्या गिऱ्हाइकाने अर्धी दाढी तशीच ठेवून मला विचारलं की त्याच्या बायकोने पाठवलंय का. शिंप्याला वाटलं मला चक्कर आली आहे. त्याने खुर्ची आणून दिली, मी बसलो, आणि बसलो म्हणजे हललो, म्हणून वर्तुळ पुन्हा फुगलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून हसून हात केला. मीही केला. ठिपका त्यांच्या माडीवर पडला.

लाल ठिपका म्हणजे तोडायचा हुकूम, ही बातमी आळीत कोणी सोडली कळलं नाही, पण दुपारपर्यंत ती माझ्या पुढे चालायला लागली. मी पोचायच्या आत फुटपाथवरच्या कुंड्या उचललेल्या, पाट्या आत ओढलेल्या. इस्त्रीवाल्याने मला चहा पाजला आणि ठिपका शेजाऱ्याच्या बाजूला थोडा सरकवता येईल का, असं अगदी सहज विचारलं. शेजाऱ्याने त्याच सहजपणे दुसरा चहा पाजला. असा चहाने डुचमळत मी बाबांच्या कुलपांच्या दुकानापाशी आलो.

त्या तीन दगडी पायऱ्या तुमच्या चांगल्या ओळखीच्या आहेत. लहानपणी त्यांवरून पडून तुमचा ओठ फाटला होता, असं तुमची बहीण सांगते. दुकान उंचावर आणि पायऱ्या थेट फुटपाथवर उतरलेल्या, चालणाऱ्याने वळसा घालून रस्त्यावर उतरायचं. अडथळा म्हणून यादीत त्याहून चोख काही सापडलं नसतं. बाबा वरच्या पायरीवर बसून एका गंजक्या कुलपाशी झटत होते.

"काय करताय?" बाबांनी विचारलं.

"नोंद."

"कसली?"

"पायऱ्यांची."

"त्या आहेत. मला माहीत आहे," म्हणाले, आणि मधल्या पायरीवर सरकले, म्हणजे फोटोत यायला नको असलेला माणूस बरोबर मधोमध आला.

मी म्हटलं, जरा बाजूला होता का. ते म्हणाले, दुकान उघडल्यापासून मी इथे बसतोय, तुमचा फोन आज आला. मी थांबलो, ते थांबले. सासरा एकटक बघत असताना जावयाला किती वेळ स्थिर उभं राहता येतं याचा अंदाज तुम्हाला नसणार, कारण तुमचे सासरे गरीब स्वभावाचे आहेत. मला ते झेपलं नाही. वर्तुळ चांगलं परातीएवढं असतानाच मी बटण दाबलं, त्यांच्यासकट फोटो काढला, आणि रागाचा पारा थोडा उतरावा म्हणून वर्णनात लिहिलं: "घडीव दगडाच्या तीन पायऱ्या, अत्यंत मजबूत, काम उत्कृष्ट, चालणाऱ्यांस पूर्ण अडथळा. सोबत मालक बसलेले."

त्या दिवसापासून बाबांनी अबोला धरला. तुमच्या बहिणीने घरात कोणाचीच बाजू घ्यायची नाही असं जाहीर केलं आणि मग मुक्काम माहेरी हलवला.

आणि ठिपका? तो रस्ता ओलांडून समोरच्या फोटोस्टुडिओवर जाऊन बसला होता. फोटोवाला आणि बाबा यांचं पाटीच्या उंचीवरून काय आहे ते तुम्हाला सांगायला नको. पालिकेची नोटीस गेली फोटोवाल्याला, त्यावर माझं वर्णन शब्दशः, खाली छायाचित्र, आणि छायाचित्रात मालक म्हणून बाबा. फोटोवाला ती घेऊन रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, की आजवर पुष्कळांचे चेहरे बिघडवले, पण माझ्या जागी हा चेहरा कोणी लावला नव्हता. बाबा दिवसभर हसत होते. ठिपका टळला आणि तो बरोबर शत्रूच्या दारात पडला, याहून माणसाला आणखी काय हवं. संध्याकाळी त्यांनी तुमच्या बहिणीकरवी मला निरोपही पाठवला, की माणूस अगदीच टाकाऊ नाही.

पण फोटोवाला धंद्यातला. त्याने नोटिशीतला "अडथळा" कापला, बाबांना कापलं, आणि उरलेलं चौकटीत बसवून दर्शनी काचेत लावलं: "अत्यंत मजबूत, काम उत्कृष्ट." खाली पालिकेचा शिक्का. येणारे जाणारे थांबून वाचायला लागले. त्याच्या दाराला मुळात पायरीच नाही, एक उंबरठा आहे, पण शिक्का म्हटल्यावर कोण खाली बघतो.

दुसऱ्या दिवशी बाबा कचेरीत आले. माझ्या टेबलापाशी मृत्यूच्या दाखल्यांची रांग होती, तिच्यात शिस्तीत उभे राहिले. नंबर आल्यावर म्हणाले, "माझा ठिपका मला परत द्या."

मी म्हटलं, "बाबा, तो परत आला तर पायऱ्यांचं काहीतरी करावं लागेल."

"त्या माझ्या वडिलांनी घडवून घेतल्या आहेत. तुटायच्या तर माझ्या म्हणून तुटतील. त्याच्या म्हणून राहायला नकोत."

मागे रांगेतल्या बाईंनी डोळे पुसले. (त्या मुळात कशासाठी आल्या होत्या हे लक्षात घेता, ते सगळंच श्रेय बाबांना देता येणार नाही.)

दुरुस्तीसाठी पुन्हा जागेवर जाऊन उभं राहावं लागतं. या वेळी बाबा माझ्या शेजारी फुटपाथवर उभे होते, श्वास रोखून, आणि मी पापणी हलवली तरी खेकसत होते. वर्तुळ सावकाश आकसत होतं. तेवढ्यात आई जेवणाचा डबा घेऊन आल्या. रोजच्यासारख्या खालीच थांबल्या, काउंटरवर बसलेल्या नोकराला हाक मारली आणि हात उंच करून डबा वर दिला. मी ते इतक्या वेळा पाहिलंय की कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी मात्र हलायची बंदी असल्यामुळे पाहत राहावं लागलं. मी विचारलं, "आई, तुम्ही वर का जात नाही?"

"मी वर गेले त्याला किती वर्षं झाली, ते यांनाच विचारा."

बाबा म्हणाले, "तुला दुकानाची आवड नाही ना."

"मला दुकानाची आवड आहे," आई म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यांना पायऱ्यांची नाही. तुम्ही कधी विचारलं नाहीत, मी कधी सांगितलं नाही."

दादा, बाबांनी हातातल्या रुमालाने मधली पायरी पुसली, जशी काही तिथे आई बसणार होती. वर्तुळ नाण्याएवढं झालं होतं. मी बटण दाबलं. ठिपका बरोबर पायरीवर पडला. मग त्यांनी विचारलं, "वर्णनात अजून काही लिहिता येतं का?"

"येतं. काय लिहू?"

"लिहा, मालकांची हरकत नाही."

मी लिहिलं. माझ्या नोकरीत मी पुष्कळ नोंदी केल्या, पण एवढी स्वच्छ एकही नसेल.

पायऱ्या पाडायची वेळ आली नाही. गवंड्याने त्या आत ओढून आडव्या लावल्या आणि बाजूने भिंतीलगत उतरती फरशी केली, तिला लोखंडी कठडा. काम संपलं त्या दिवशी आई कठड्याला धरून वर गेल्या, काउंटरमागच्या खुर्चीवर बसल्या आणि चौफेर बघून म्हणाल्या, "धूळ फार आहे." तेव्हापासून रोज येतात. बिनचिठ्ठीच्या किल्ल्यांचा तो डोंगर त्यांनी निवडून खुंट्यांवर लावला. गिऱ्हाइकांना कुलूप विकायच्या आधी दारं कशी आहेत ते विचारतात. विक्री वाढली आहे. बाबांना काम उरलेलं नाही.

बाकी सर्व क्षेम. तुमची बहीण घरी परतली आहे. वहिनींना नमस्कार, धाकटीला लाड, आणि माझ्यावरचा तुमचा लोभ निदान हे पत्र वाचून संपेपर्यंत तरी टिकावा, ही इच्छा.

तुमचा मेहुणा

ता. क. काम उरलं नाही म्हणून बाबांनी माझा फोन घेतला आणि गावातले अडथळे टिपायला सुरुवात केली. गाव संपलं. मग घरं सुरू केली. काल आमच्या न्हाणीघरात बराच वेळ स्थिर उभे होते, आणि मला दाढी करायची होती. साहेब त्यांच्यावर खूश आहेत आणि माझी जागा त्यांना देतील की काय, अशी मला भीती वाटते. तेव्हा विनंती अशी की बाबांना महिनाभर तुमच्याकडे ठेवून घ्यावं. तुमचं शहर मोठं आहे.

ता. क. दोन. नकार कळवायची तसदी घेऊ नये. हे पाकीट ज्यांनी तुमच्या हातात दिलं ते बाबाच आहेत, आणि त्यांच्या डाव्या खिशात माझा फोन आहे. (बाबा, पाकीट वाटेत उघडलंच असेल तर नमस्कार. आपल्या चांगल्यासाठीच लिहिलं आहे.)

ता. क. तीन. आत्ता आई येऊन पत्र वाचून गेल्या. "महिनाभर" खोडून "आठवडा" करायला सांगितलं. मी डिंक शोधत होतो तेवढ्यात दारातून परत आल्या आणि म्हणाल्या, "चार दिवस लिहा. डबा दोघांचा करायची सवय झाली आहे." मी म्हटलं, मग पाठवताच कशाला. त्यावर त्यांनी तिकिटं दाखवली. परतीचं परवाचं आहे.