बिनटोकाचा मफलर

आदरणीय विहीणबाई यांस,

सुई (माझी, सरळ; तुमची, वाकड्या तोंडाची) घटकाभर बाजूला ठेवून नमस्कार करतो. तुमचं मनगट आता कसं आहे? शेक घेता, की अजून त्याच हाताने शेजारपाजारच्यांची लोकर विणत बसता? व्याहीबुवांचे गुडघे जिना चढू लागले असतील अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल. आमची सौभाग्यवती खुशाल आहे, म्हणजे माझ्यावर नाराज आहे. तुमचे जावईही खुशाल असावेत. ते बोलत नसल्यामुळे नक्की सांगता येत नाही. सूनबाईंच्या गळ्यावरची जखम भरली, गाठ साधीच निघाली, डॉक्टरांनी आता परत येऊ नका म्हणून सांगितलं, हे सगळं तुम्हाला फोनवर कळलंच आहे. त्या व्रणाबद्दल मात्र मला चार शब्द बोलायचे आहेत, कारण ते फोनवर बोलायला मला कुणी देत नाही.

एवढा शिकलेला माणूस, भिंतीवर काचेत लावलेली प्रमाणपत्रं, आणि शिवण अशी? गळ्याच्या ऐन मध्यावर, जिथे जगाची पहिली नजर पडते तिथे, एक टाका इकडे, एक तिकडे, आणि डाव्या टोकाला चुणी. मी शिकाऊ असताना असं काम केलं असतं तर आमच्या उस्तादांनी तो कोट माझ्या अंगावरच उसवला असता. हे डॉक्टरांना समजावून सांगायला मी निघालोही होतो, पण सौ. दारात उभी राहिली. (तिचं म्हणणं, गाठ निघाली हे महत्त्वाचं. असेल. पँट झाकण्यापुरती असते म्हणून कुणी एक पाय आखूड शिवून घेत नाही.) तुम्हाला ठाऊक आहे, तुमची लेक चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम बसवण्याचं काम करते, आणि त्याला दोन हात लागतात. ती कामावर परतली तेव्हापासून तिचा एक हात गळ्यावर. उरलेल्या एका हाताने चष्मा चढवताना एका गृहस्थाच्या डोळ्यात काडी गेली. मालकाने मग तिला मागच्या खोलीत काचा पुसायला बसवलं. घरी येऊन ती काही बोलेना. विहीणबाई, न बोलणारं एक माणूस आम्हाला पुरेसं होतं.

यावर पहिला उपाय मी केला, हे तुमच्या कानावर कुणी घातलं नसेल. मी तिला उंच कॉलरचा ब्लाउज शिवून दिला. आत दुहेरी बकरम घातलं, इस्त्री अशी केली की कॉलर स्वतःच्या पायावर उभी राहील. तिने घातला, आरशात पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे, बाबा." दात काढणाऱ्याचे आभार मानावेत तसं म्हणाली. त्या कॉलरमध्ये तिला खाली बघता येईना, त्यामुळे जिन्याची शेवटची पायरी चुकली, आणि दुकानात कुणीतरी मान मोडली का म्हणून विचारलं. म्हणजे व्रण संपूर्ण झाकला गेला आणि सगळं गाव त्याबद्दल विचारू लागलं. ब्लाउज आता कपाटात आहे. त्याची शिवण निर्दोष आहे, एवढं मी सांगून ठेवतो.

अशा वेळी तुमचं पार्सल आलं. अर्धा विणलेला मफलर, लोकरीचे गुंडे, ती वाकडी सुई आणि तुमची चिठ्ठी: मनगट दुखतंय, उरलेला तिथेच कुणाकडून तरी पुरा करून घे, तुमच्याकडे मास्तर आहेतच, त्यांना टाका माहीत असेल. "असेल." हा शब्द मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. सूनबाईंनी ते सगळं "बघू नंतर" म्हणत खणात सारलं, आणि मी ते खणातून काढून दुकानात नेलं. मदत म्हणून नव्हे. शत्रूचं हत्यार एकदा हातात धरून बघावं म्हणून.

आता स्पष्टच लिहितो, राग मानू नका, आणि मानलात तरी चालेल. तुमच्या या क्रोशाच्या कलेत मला काही दम दिसला नाही. माझ्या धंद्यात कापडाला भोक पडलं तर आम्ही रफू करतो. तुमच्यात भोक पडलं की त्याला नक्षी म्हणतात. माप नाही, बेतणं नाही, कातर नाही, अस्तर नाही. लोकरवाल्याला तुमचा नमुना दाखवला तर म्हणतो, हा इन्फिनिटी स्कार्फ, म्हणजे अनंत, दोन टोकं जोडून गोल करायचा. मी त्याला सांगितलं, ज्याला कुठे थांबावं हे ठरवता येत नाही तो टोकं जोडून टाकतो. त्यानंतर त्याने सुट्टे पैसे माझ्या हातात न देता गल्ल्यावर ठेवले.

शिकवायला फोनमध्ये एक बाई धरली. तिचा चेहरा दिसत नाही, फक्त हात आणि रंगवलेली नखं. ती "अगदी सोपं आहे" म्हणते आणि तेवढ्यात तीन गोष्टी उरकून मोकळी होते. साखळी समजली. खांब, म्हणजे उभा टाका, समजला. मग म्हणते, आता मुका खांब घाला. हा बुटका असतो, दिसत नाही, पण कड त्याच्यावर उभी राहते. (मी तुमच्या जावयांचा विचार केला आणि पुढे गेलो.) पण पोत यावा म्हणून जे करायला लावते ते तर कहर आहे: एकाच भोकात पाच खांब कोंबायचे आणि पाचांची मुंडी एकदम आवळायची. बाहेर येतो तो फुगीर गोळा. कोटाच्या पाठीवर असा एक जरी गोळा आला असता तर मी दुकान बंद केलं असतं. इथे ते ओळीने आणायचे. त्यात गिऱ्हाइकांची वर्दळ. दुकानात कुणी शिरलं की काम मांडीखाली लपवायचं. एकदा सुई मांडीतच रुतली आणि पँट आखूड करायला आलेल्या गृहस्थाला वाटलं, त्याचं माप ऐकून मी दचकलो.

पुढचं तुम्ही बसून वाचा. माझा हात कोटाचा, त्यामुळे माझे टाके घट्ट. तुमची बाजू जाळीसारखी पसरलेली आणि माझी बाजू सुतळी. तेव्हा माझी बाजू उसवून पुन्हा करायचं ठरवलं. आमच्यात उसवणं म्हणजे पातं घेऊन एकेक टाका तोडणं, जिकिरीचं काम. तुमच्यात दोरा ओढला की झालं. सरसर, सरसर निघत गेलं. मला मजा वाटू लागली. समोर एक गिऱ्हाईक बाह्यांबद्दल तक्रार करत होतं, मी मान डोलवत ओढत होतो, आणि मांडीवरचा ढीग माझ्या कामाच्या मानाने बराच मोठा झालाय हे लक्षात आलं तोवर तुमच्या बाजूचा हातभरसुद्धा उरला नव्हता. तो उरलेला तुकडा समोर धरून मी मापला. मग तोही उसवला. एकट्याने त्याने काय करायचं होतं? तेव्हा विहीणबाई, तुमच्या हातचा एकही टाका आता त्या मफलरात नाही. हे मी दुःखाने लिहितोय. फार दुःखाने नाही.

मग पहिल्या साखळीपासून. सौ. डबा घेऊन दुकानात आली तेव्हा मी त्या पाचांची मुंडी आवळत होतो. लपवायला वेळ मिळाला नाही. मला वाटलं हसेल. तिने डबा ठेवला, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "दोरा सैल सोडा. तो कुठे पळून जात नाही." आयुष्यात तिने बटणसुद्धा मला विचारल्याशिवाय लावलेलं नाही, पण सैल सोडला आणि जाळी पडू लागली. तुमचे जावईही एकदा डोकावले, काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर रबरी मुठीची चांगली सुई ठेवून गेले. मुठीमुळे माझा अंगठा वाचला. त्यावर आमचं काही बोलणं झालेलं नाही.

शेवटी टोकं जोडली, आणि जोडताना आत एक पीळ राहिला. आता त्याला ना आतली बाजू, ना बाहेरची. कोणत्याही शिंप्याने मान खाली घालावी असं काम. पुन्हा उसवायचं धैर्य नव्हतं, म्हणून गुपचूप खणात ठेवून दिला. सकाळी सूनबाईंना तो सापडला. आरशासमोर उभं राहून तिने दोन वेढे घेतले, आणि तो पीळ नेमका व्रणावर येऊन बसला, जसा काही बेतूनच घातला होता. जाळीतून वारा जातो, गळा झाकलाय असं वाटत नाही, आणि बघणारा बघतो ते गोळे. ती म्हणाली, "आईचा हात लगेच कळतो." उरलेला कुणी पुरा केला, हे विचारलंसुद्धा नाही.

मी तोंड उघडलं होतं, विहीणबाई. एवढ्या मेहनतीनंतर कुणीही उघडलं असतं. पण तेवढ्यात मला दिसलं की तिचे दोन्ही हात डोक्यामागे आहेत, केसांना पिन लावतायत. मी तोंड मिटलं. सोमवारपासून ती पुन्हा काउंटरवर आहे.

तरी क्रोशाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, याची नोंद घ्यावी. व्याहीबुवांना नमस्कार, मनगटाला विश्रांती.

आपला,
मास्तर

ता. क. तिचा तुम्हाला आभाराचा फोन येईल. नाही म्हणू नका. मी केलं असं कळलं तर तिला तो माझ्या भिडेखातर घालावा लागेल, कॉलरसारखा. थोडं खोटं बोलणं तुम्हाला जड जाईल असं वाटत नाही. लग्नात तुम्ही माझ्या कोटालाही छान म्हणाला होतात.

ता. क. दुसरा. तिला तुमच्याकडून अजून एक हवाय, करड्या रंगाचा, अगदी असाच. हो म्हणून टाका आणि पुढचं माझ्यावर सोडा. फक्त एक कळवा. पीळ कसा टाळायचा ते नको. मुद्दाम कसा घालायचा ते लिहा. पहिल्यांदा तो कसा पडला, मला माहीत नाही.

ता. क. तिसरा. विहीणबाई, पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून या दोन ओळी माझ्या. सूनबाईंना पहिल्याच सकाळी कळलंय. दोऱ्याची टोकं शिंप्यांच्या काजाच्या टाक्याने बंद केलेली आहेत; "आई असं कधी करत नाही," म्हणाली. तुम्हाला सांगायला लावलंय की, बाबांना कळू देऊ नका, नाहीतर ते दुसरा करणार नाहीत, आणि हल्ली ते दुकानातून गुणगुणत घरी येतात. करडी लोकर मी आणून ठेवली आहे. विचारलं तर ती तुम्ही पाठवलीत.