एकाच बादलीत

ता. ४, मंगळवार

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. तुमच्या वॉर्डातल्या फोनवर तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा कुणीतरी उचलून परत ठेवून दिला. कॉल सेंटरच्या दीडशे फोनांच्या हॉलमध्ये झाडू-फडकं करणारी मी, पण नणंदेशी बोलायला पोस्टाचंच पाकीट! तुमचे बंधू बरे आहेत. शाळा बंद, म्हणून त्यांची शाळेची गाडीही उभी. घरी स्वयंपाक करतात आणि समोर बसून मला खायला लावतात. साथीतून वाचेन, पण त्यांच्या हातच्या भाजीतून वाचेनसं वाटत नाही.

हसून घेतलंत ना? आता खरं सांगते. आमच्या हॉलमधले अकरा जण तापाने पडलेत. पाळी बदलली की एकाच्या कानावरचा हेडफोन दुसरा घालतो. तोंडापुढचा स्पंज तोच, कधी कधी ओलासुद्धा. आम्ही सहा बायका, त्यांत मी मुकादम. बादली एक, फडकं एक. शेवटच्या टेबलापाशी पोचेपर्यंत पाणी काळं झालेलं असतं. साहेबांनी धुराचं यंत्र आणलं, धूर सोडला, फोटो काढले. टेबलांवर कालच्या बोटांचे ठसे तसेच. मी बोलायला गेले तर म्हणाले, लोकांना दाराशीच औषधाचा वास आला पाहिजे, वास आला की माणूस निर्धास्त बसतो. आता रोज विचारतात, आज वास का येत नाही म्हणून.

कोठीत ब्लीचचे, ॲसिडचे कॅन ढिगाने आहेत, पण काय किती घालायचं ते कुणी धड सांगत नाही. तुम्ही हॉस्पिटलात कसं करता ते लिहा, मी सगळ्यांना वाचून दाखवीन. भिंगरीचा निरोप आहे की सोपं लिहा, या वयात तिला परीक्षेला बसवू नका. भिंगरी म्हणजे आमच्या सहांतली ती, आपल्याकडे आली तेव्हा तुमची नर्सची टोपी घालून आरशापुढे उभी राहिली होती. पन्नाशी उलटली तरी पाय एका जागी ठरत नाही बाईचा.

जिवाला जपा, आणि आमच्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची
वहिनी


ता. ७, शुक्रवार

सौ. वहिनीस,
अ. आ.

तुझं पत्र उभ्या उभ्याच वाचलं. सगळ्यात आधी हे. ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड एका बादलीत कधीही घालू नका. कधीही नाही. त्यातून वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो माणसाचा जीव घेतो. आमच्याकडे या महिन्यात अशा दोघी आल्या. एक घरी गेली. पत्र हातात पडल्याबरोबर एवढं सगळ्यांना सांग, बाकीचं सावकाश.

आता बाकीचं. आधी साबणाच्या पाण्याने मळ काढायचा. मग ब्लीचचं पाणी, रोज सकाळी ताजं केलेलं. कालचं उरलेलं ओतून द्या, त्यात दम राहत नाही. पुसलं की लगेच कोरडं करू नका, दहा मिनिटं ओलं राहू दे. प्रत्येक टेबलाला स्वच्छ फडकं. स्पंज ज्याचा त्याला. खिडक्या उघड्या. आणि वासाने काही होत नाही म्हणावं तुझ्या साहेबांना, वास हा काही औषधाचा मापदंड नव्हे. भिंगरीला सांग, परीक्षा घेणार नाही, पण टोपी मात्र परत मागणार आहे. तेव्हापासून सापडलेली नाही.

मी बरी आहे. मास्कने नाकावर वळ उठलाय, तुझ्या नवऱ्याने लहानपणी पाटी मारली होती अगदी तिथेच. काल माझ्या वॉर्डात चार गेले. त्याबद्दल आज नको.

दोघांनी एकमेकांना जपा, माझी आठवण असू द्या.

तुझी
नणंद


ता. १२, बुधवार

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर लावून घ्या.

तुमचं पत्र सोमवारी दुपारी कामावर निघताना मिळालं. बसमध्ये वाचलं. सगळं वाचलं, वन्सं, पहिल्यापासून. फाटकाशी पोचले तर साहेब घड्याळ बघत उभे. बाहेरून पाहुणे यायचे होते, सफाई बघायला. त्यांनी सगळ्यांना तीन मजल्यांवर पांगवलं. मी पत्र ॲप्रनच्या खिशात ठेवलं. मनात म्हटलं, चारला चहाला सगळ्या एकत्र येतील, तेव्हा वाचू.

साडेतीनला वरून कुणीतरी ओरडलं. दुसऱ्या मजल्याच्या संडासात भिंगरी होती. तिथली खिडकी कधीची खिळे मारून बंद केलेली. साहेब जाता जाता तिला म्हणाले होते, इथे वासच नाही. म्हणून तिने ब्लीचचा आणि ॲसिडचा, दोन्ही कॅन बादलीत रिकामे केले. मी दार लोटलं तर डोळ्यांत आणि घशात आग. ती भिंतीला टेकून बसलेली, ओढणीने तोंड दाबून. पाय धरून ओढत बाहेर आणली. खोकता खोकता मलाच म्हणत होती की तुम्ही आत येऊ नका.

तिला सरकारी दवाखान्यात नेलं. मला आत सोडलं नाही. दारातल्या माणसाला सांगितलं की हे बादलीतल्या औषधाने झालंय. त्याने मान हलवली. ऐकलं की नुसतीच हलवली, देव जाणे.

पत्र अजून खिशातच आहे. कुणाला माहीत नाही, यांनासुद्धा नाही. चार वाजायला अर्धा तास होता हो. दोन मिनिटांचं काम होतं.

तुम्हाला तोंड कसं दाखवू? तरी तुटू नका माझ्यापासून.

वहिनी


ता. १५, शनिवार

सौ. वहिनीस,
अ. आ.

हे वाचल्याबरोबर उठ आणि दवाखान्यात जा. तिला साथीच्या वॉर्डात टाकलंय का ते बघ. खोकला आणि धाप दिसली की सध्या सगळे तिकडेच ढकलतात. डॉक्टरलाच गाठ. दारातला माणूस उपयोगाचा नाही. म्हणावं हा वायूचा त्रास आहे, ताप नाही. फुप्फुसात पाणी दोन-तीन दिवसांनीही भरतं. तिला टेकून बसवा, ऑक्सिजन लावा. ऐकत नसतील तर माझं नाव सांग, या हॉस्पिटलाचं नाव सांग, भांड, पदर खोचून भांड.

तुझी चूक नाही असं मी लिहिणार नाही. लिहिलं तरी तू मानणार नाहीस, आणि मग माझ्या पुढच्या शब्दावरही विश्वास ठेवणार नाहीस. पण खिडकीला खिळे तू मारले नव्हतेस. वास तू मागितला नव्हतास. एवढंही लक्षात ठेव.

जेव. भावाला सांग सगळं.

तुझीच
नणंद


ता. १९, बुधवार

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल मिळालं. भिंगरी परवा, सोमवारी सकाळी गेली.

तापाच्याच वॉर्डात होती. साहेबांनी दवाखान्यात फोन करून कळवलं होतं की आमच्याकडे साथ आहे, ही त्यातलीच. कागदावर तसंच लिहिलंय. तिच्या मुलीला लांबूनच दाखवली. ती कपडे शिवते, एकटी राहते आता. तिला वाटतं आई तापाने गेली.

काल साहेबांनी आम्हा पाचही जणींना बोलावलं. कागद तयार होता. सफाईच्या बायकांना औषधं न मिसळण्याची सूचना वेळोवेळी दिली होती, असं लिहिलेलं. चौघींनी अंगठे केले. त्यांच्या घरी तोंडं खायला बसलीत, मी त्यांना काय बोलणार! मी म्हटलं चष्मा आणला नाही. साहेब म्हणाले, शुक्रवारी चष्मा घेऊन या, नाहीतर येऊच नका.

यांना सगळं सांगितलं. आधी म्हणाले सही कर. मग म्हणाले करू नको. मग उठून धुतलेलीच ताटं पुन्हा धुवायला लागले.

सही केली तर मी सुटते, वन्सं. सूचना दिली होती म्हटलं की सगळ्यांचंच भागतं. भिंगरीचं सोडून.

काय करू ते लिहा. माझं डोकं चालत नाही.

वहिनी


ता. २०, गुरुवार

सौ. वहिनीस,
अ. आ.

तुझं कालचं पत्र घेऊन आलेला ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर तुमच्या गावी परत निघालाय, त्याच्याच हातून हे पाठवते आहे, उद्या सकाळपर्यंत पोचेल.

तुझी नोकरी जाणार आणि सल्ला मी देणार, हे सोपं आहे, हे मला कळतं. तरी सांगते. माझं ते खिशातलं पत्र फाडलं नसशील तर कामगार कचेरीच्या तपासनिसाकडे दे. त्यावर पोस्टाचा शिक्का आहे. तुझं पहिलं पत्रही परत पाठवते आहे, सोबत ठेव. काय किती घालायचं ते कुणी सांगत नाही, असं तू त्यात स्पष्ट लिहिलंयस. सूचना दिली असती तर मुकादमाला नणंदेला कशाला विचारावं लागलं असतं?

पण नीट समजून दे. त्या पत्रावरून हेही कळेल की तुला सोमवारी दुपारी माहीत होतं. एक दिलं की दुसरं झाकता येणार नाही.

तू काहीही केलंस तरी माझ्या घराचं दार तुला उघडं आहे.

तुझी
नणंद


ता. २६, बुधवार

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

दोन्ही पत्रं शुक्रवारी सकाळीच दिली. तपासनिसाने दोनदा वाचली आणि विचारलं, हे मिळालं तेव्हा किती वाजले होते. मी खरं सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली. सही अखेर केलीच, पण त्या कागदावर नाही.

कामावरून काढलं. फाटकावरच सांगितलं, आत डबा राहिला होता तोही दिला नाही. सोमवारी तपासनीस हॉलमध्ये गेला. खिडक्यांचे खिळे काढायला लावले, बादल्या मोजल्या. दवाखान्याचा कागदही पुन्हा तपासणार आहेत. साहेब अजून तिथेच आहेत. चौघींपैकी एक काल आमच्याकडे येऊन गेली. म्हणाली, आता साबण आधी, ब्लीच मग, असं आम्हीच ठरवून करतो. मग एकदम रडायला लागली, मीही.

भिंगरीच्या मुलीकडे काल संध्याकाळी गेले. हे सोबत येतो म्हणाले, मी नको म्हटलं. तिच्या मशीनवर कुणाचा तरी अर्धा शिवलेला सदरा होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ताप नव्हता. बादली. खिडकी. पत्र, खिसा, चारचा चहा. ती ऐकत राहिली. मग विचारलं की आई शेवटी काय बोलली. मी म्हटलं, तुम्ही आत येऊ नका, असं मला म्हणत होती. त्यावर तिने तोंड फिरवलं आणि मशीन चालवायला घेतली. धागा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. मी पुढे झाले तर हाताने थांबवलं. म्हणाली, उद्या येऊ नका.

परवाचं काही बोलली नाही. मी उद्या जाणार आहे, गुरुवारी. आज तिच्या सांगण्याप्रमाणे घरीच आहे.

तुम्ही जगा, वन्सं. मला अजून तुम्हाला खूप लिहायचंय.

तुमची
वहिनी