फक्कीतली खोली

काल्हेर,
६ जानेवारी २०२५

ती. जानूकाका यांस,
मिलिंदचा कृ. सा. जयभीम वि. वि.

लूमच्या खडखडाटाने तुमचे कान गेले, फोनवर ऐकू येत नाही, म्हणून साइटवरून लिहितो. आमचे बाळाराम शेठ इथे एकेका खोलीचीच घरं बांधणार आहेत, होणाऱ्या मेट्रोच्या स्टेशनापासून चालत येण्यासारखी. तळमजल्यावरची एक तुमच्यासाठी धरली आहे. काकूंना डायलिसिसला ठाण्याला नेताना रिक्षाचे हाल संपतील. मंजुरी अजून यायची आहे, त्याची मला धास्ती वाटते. तरी रविवारी दोघं या. जमिनीवर चुन्याच्या फक्कीने खोली आखून दाखवतो.

काकूंना जयभीम. माया आहे तशीच राहू द्यावी.

तुमचा,
मिलिंद


नारपोली,
१३ जानेवारी

चि. मिलिंद यास अ. उ. आ.

काल तुझ्या काकूने, शैलाने, फक्कीच्या रेघेबाहेर तुझ्या शेठलासुद्धा चपला काढायला लावल्या! आत बसून वंदना म्हटली, खाट कुठे, ओटा कुठे, सगळं वितीने मोजलं. परतताना माझ्या कानात ओरडून म्हणाली, घर लय हवेशीर हाय, भिंतीच न्हायत. रिक्षावालाही हसला.

तू मात्र जन्माचा घाबरट. मंजुरीचं शेठ बघेल. जेवत जा. लोभ आहेच.

जानूकाका


काल्हेर,
२१ एप्रिल

ती. काकांस कृ. सा. जयभीम.

मंजुरी आली, पण तशी नाही. नियमाने प्रत्येक घरामागे गाडीची जागा दाखवावी लागते. तेवढी प्लॉटवर नाही, आणि रस्ता अरुंद म्हणून मजले वाढवता येत नाहीत. स्टेशनाजवळचा माणूस गाडी कशाला घेईल, असं शेठ सांगून थकले. नकाशा परत आला. शेवटी दोन-दोन खोल्या जोडून मोठे फ्लॅट केले, ते आपल्याला झेपणारे नाहीत. तळमजला सगळा पार्किंगला गेला. तुमची खोली होती तिथे मलाच गाड्यांचे चौकोन आखायचे आहेत, त्याच फक्कीने.

काकूंना तुम्हीच सांगा. मला धीर होत नाही. राग धरू नये.

मिलिंद


नारपोली,
२८ एप्रिल

चि. मिलिंद यास अ. उ. आ.

सांगितलं. रडली नाही. म्हणाली, आपल्याकडं कुठली गाडी, मिलिंदची सायकल व्हती ती पण चोरीला गेली. पण तेव्हापासून ठाण्याला यायला नको म्हणते. रिक्षात हाडं खिळखिळी करून आणखी किती दिवस काढायचे, असं तिचं म्हणणं. गुरुवारी गेलीच नाही. पाय सुजलेत. इथला डॉक्टर काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, त्याचं तोंड दिसलं.

तुझ्यावर राग नाही. एक कर. गाडी नसलेल्या माणसाला गाडीची जागा मिळते का, शेठला विचार. शैलाची खाट तिथे मावते, तिने मोजली आहे.

उत्तर लवकर दे. माया पातळ करू नकोस.

तुझा,
जानूकाका