धुतलेला कॉलम

प्रिय नीरजा,

तुझं पाकीट मिळालं. वाचलं, घडी घालून खिशात टाकलं आणि भोसरीच्या बसमध्ये बसलो. बसमध्ये राग निवतो असं आई म्हणते. निवला नाही.

आधी कामाचं सांगतो. कारखान्यांनी वापरून टाकलेलं सॉल्व्हंट स्वच्छ करून परत विकायचं, एवढाच आमच्या युनिटचा धंदा. इथला कॉलम म्हणजे स्टीलची उंच नळकांडी, आतलं काही दिसत नाही. आपला कॉलेजातला काचेचा होता. अ‍ॅसिटोन मिसळलेले टोल्यूइनचे थेंब खालून वर चढायचे, वरून पाणी उतरायचं, आणि थेंबातलं अ‍ॅसिटोन वाटेत पाण्यात जायचं. किती जाईल हे सांगणारं गणिती मॉडेल आपण दोघांनी बांधलं. तू स्टुलावर उभी राहून वरचे थेंब बघायचीस, मी खालचे. म्हणजे मी थेंब बघतोय असा तुझा समज होता.

पाहुणे येणार म्हणून सरांनी कॉलम भांड्यांच्या साबणाने घासून घेतला, ते आठवतंय ना? काच चकचकीत आणि रीडिंग एकदम निम्म्यावर. साबणाचा जरासा अंश थेंबाच्या अंगावर बसला की त्याच्या आतलं घुसळणं थांबतं, अ‍ॅसिटोन आतच राहतं. मी म्हटलं, हेही मॉडेलमध्ये घेऊ, कारखान्यात कुणाचं सॉल्व्हंट स्वच्छ असतं? सर म्हणाले, अहो विद्वान, मॉडेलला जे पटत नाही ते रीडिंग खोडायचं असतं. मग मॉडेलच साबणाने धुऊन ठेवा, पाहुणे येतायत, असं मी सगळ्या वर्गासमोर म्हणालो. तू हसलीस. वहीमागे तोंड लपवून, पण हसलीस. त्या हसण्याच्या जोरावर मी जिना उतरलो तो परत चढलो नाही.

इथंही मालकांनी नेमलेल्या सल्लागाराचा आकडा आणि टाकीतला माल जुळत नव्हता. डबा खाता खाता मी मोबाईलवर आपलंच मॉडेल मांडलं, फक्त थेंबाच्या अंगावर मळ धरून. आकडा जवळपास बसला. मालक म्हणाले, बरं. मला सांगावंसं वाटलं ते फक्त तुला, आणि तू फोन उचलला नाहीस.

का नाही उचललास ते पाकीट उघडल्यावर कळलं. तू माझा माफीनामा टाइप करत होतीस. ‘माझ्या उद्धट वर्तनाबद्दल’ वगैरे, आणि खाली सहीपुरती जागा. सही केली की सर परत घेतील, पदवी मिळेल, आणि पदवी असली की तुझ्या आडनावाचं बाबांशी मी बोलेन, असं तू सोबत लिहिलंयस. नीरजा, हे सरांचंच वाक्य झालं गं. तुमच्या घरच्या मॉडेलला मी पटत नाही, म्हणून मलाच खोडायचं.

सही करणार नाही. कागद मात्र वाया घालवला नाही. हे पत्र त्या माफीनाम्याच्याच पाठीवर लिहिलंय, म्हणजे तो आता कुणाच्याच कामाचा नाही. रविवारी येरवड्याच्या घरून निघून तुमच्या पेठेत येतो. दुपारी बेल वाजवू नये अशी तुमच्याकडे पाटी आहे, म्हणून सकाळीच येईन. नाव, आडनाव, पगार, अर्धवट कॉलेज, बाबांना सगळं मीच सांगेन. खोडायचं असेल तर त्यांनी माझ्यासमोर खोडावं. दार तेवढं तू उघड.

न धुतलेला,
तुझाच अभय