ह्यांच्या पोटाचा पुरावा

३ मार्च, सोमवार

आंबवायला ठेवलेल्या गाजराची बरणी उतू गेली! ओट्यावर खारं पाणी, खाली मुंग्यांची रांग. झाकण सैल करायला विसरले - दोन वर्षं बरण्या भरतेय आणि अजून ही चूक. हे म्हणाले, "गाजराला तुझा राग आलाय." म्हटलं, राग नाही, फसफसणं आहे ते. जिवंत आहे म्हणून फसफसतंय. "मग माझंही पोट भलतंच जिवंत आहे," म्हणाले आणि गेले छापखान्यात. डबा ओट्यावरच.

डबा कधी विसरत नाहीत.

८ मार्च, शनिवार

वर्ग मस्त झाला. पोस्टाच्या वरचा हॉल, बावीस खुर्च्या, एकही रिकामी नाही. कोबी किती बारीक चिरायचा, मीठ किती, पाणी सुटेपर्यंत कसा रगडायचा - सगळं दाखवलं. मग नेहमीप्रमाणे ह्यांची गोष्ट. मोठ्या आतड्याला सूज, जखमा, दिवसातून पंधरा-पंधरा वेळा संडास, रक्त. छापखान्याच्या मालकाने ह्यांच्या यंत्रावर दुसरा माणूस शोधायला घेतला होता. मग मी स्वयंपाकघर उलटंपालटं केलं. मांस-दूध बंद, डाळी, पालेभाज्या, आंबवलेला कोबी सुरू. आणि आज दहा महिने झाले, रक्ताचा एक थेंब नाही!

हे बरण्या उचलायला आले होते, मागे उभे होते. म्हटलं, "तो बघा माझा पुरावा!" टाळ्या पडल्या. ह्यांनी पोटावरून हात फिरवून दाखवला. बायका खो खो हसल्या.

घरी येताना दोनदा थांबले. बुटाची लेस सुटली म्हणे. त्या बुटांना लेसच नाही.

११ मार्च

न्हाणीघराचा नळ सकाळी पंचवीस मिनिटं चालू. दार वाजवलं. "अहो, बरं आहे ना?" "दाढी करतोय." बाहेर आले - गालावर कालचेच खुंट.

१३ मार्च

पट्ट्याला नवीन भोक. घरीच खिळ्याने पाडलेलं.

१४ मार्च, शुक्रवार

विचारलं सरळ. काय लपवताय? "तुझ्यापासून काय लपणार, बाई." हसले. मी बघत होते म्हणून दुसऱ्यांदा कोबी वाढून घेतला. चावताना डोळे मिटलेले. चव घेत होते की कळ सोसत होते?

खालच्या मजल्यावरून वन्सं आल्या होत्या. "माझ्या भावाला गवतावर ठेवलंयस. गाल बघ त्याचे!" मी भांडले त्यांच्याशी. चांगलं तोंडसुख घेतलं. आणि हे मध्ये पडून माझीच बाजू घेत होते - "ताई, मी ठणठणीत आहे. हिच्यामुळेच आहे."

का कोण जाणे, तेच जास्त लागलं.

१७ मार्च, सोमवार

आपले कपडे आपणच धुतलेत आज. मागच्या दोरीवर, चादरीच्या आड वाळत घातलेत. बादलीच्या तळाशी लालसर पाणी.

"हे काय?"

"बीट. तूच तर घालतेस जेवणात."

मी बरं म्हटलं. खरंच म्हटलं! पोळलेल्या माणसाला गार पाणी मिळावं तसं वाटलं. भांडी घासताना आठवलं - बीट संपून आठ दिवस झाले. नवीन आणलेलंच नाही.

उद्या डॉक्टरांकडे न्यायचं. ओढत न्यायचं.

१८ मार्च

न्यायची वेळच आली नाही. दुपारी बारा वाजता छापखान्यातून फोन - यंत्रापाशीच कोसळले. मी पोचले तेव्हा स्ट्रेचरवर होते. चेहरा कोऱ्या कागदासारखा.

पोटाच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गोळ्या कधी बंद केल्या?"

मी म्हटलं, बंद कुठे? चालू आहेत की.

हे छताकडे बघत होते. म्हणाले, "चार महिने झाले."

१९ मार्च

रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. ताप उतरत नाही. औषधाने दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर मोठं आतडं काढावं लागेल म्हणाले. सहीसाठी कागद दाखवून ठेवला आहे.

२० मार्च

आज थोडं बोलले. मी विचारलं नव्हतं.

"तू वर्गात सांगायचीस ना, नुसत्या जेवणावर बरे झाले म्हणून. मी मागे उभा असायचो आणि खिशात गोळ्यांचं पाकीट. चोरासारखं वाटायचं. म्हटलं, हिला खोटं कशाला पाडायचं? खरंच करून दाखवू."



इथे तरी खरं लिहिते. पहिल्या वर्गात मी गोळ्यांचं सांगितलं होतं. डॉक्टरांचं वाक्यसुद्धा - "जेवण उत्तम आहे, पण औषध सोडायचं नाही." ते सांगताना एका बाईने जांभई दिली. पुढच्या वेळी मी ते वाक्य गाळलं. गोष्ट रंगली. मग गाळतच गेले. गाळून गाळून मलाही खरी वाटायला लागली.

२१ मार्च, शुक्रवार

ताप तसाच. सकाळी शस्त्रक्रियेचे डॉक्टर पोट दाबून गेले. 

संध्याकाळी घरी कपडे न्यायला गेले. फडताळ उघडलं आणि वन्संना म्हटलं, फेका या सगळ्या बरण्या, मला डोळ्यांसमोर नकोत. त्यांनाच तर केव्हापासून फेकायच्या होत्या. त्या फडताळासमोर स्टूल ओढून बसल्या. "बरण्यांनी काय केलंय? जे केलंय ते तुझ्या तोंडाने केलंय." मग माझ्या हातातली पिशवी घेतली, ह्यांचे सदरे स्वतः घडी करून भरले.

२२ मार्च

वाट बघणं.

२३ मार्च, रविवार

ताप उतरला! रक्त जाणं कमी झालंय. डॉक्टर म्हणाले, आजची सही नको. मी जिन्यात बसून रडले.

२६ मार्च

दोन वाट्या गाळलेलं डाळीचं पाणी, मऊ भात. डॉक्टरांना भीत भीत विचारलं - माझ्या कोबीने झालं का हे? म्हणाले, दुखणं उलटलं ते औषध थांबवल्यामुळे. पण सुजलेल्या आतड्याला कच्चं, आंबट, चोथ्याचं झेपत नाही. पूर्ण बरे झाले की हळूहळू द्या, मला विचारून. "तुमचं जेवण शत्रू नाही हो. ते औषधाच्या जोडीला बसवा, औषधाच्या जागी नको."

हे लगेच, "ऐकलंस? वर्ग बंद करू नकोस."

२८ मार्च, शुक्रवार

घरी आणलं. उद्या वर्गात सगळं सांगणार म्हटल्यावर घाबरले. "लोक हसतील तुला." हसू देत. चार पावलं चालून पलंगावर टेकले आणि माझा हात धरून ठेवला. गोळी मी दिली. पाणीही मीच.

२९ मार्च, शनिवार

एकही बरणी उघडली नाही. सगळं सांगितलं, गाळलेल्या वाक्यासकट. कोणी हसलं नाही. शेवटी विचारलं - माझं ऐकून कोणी औषधं बंद केलीत का?

मागून एक हात. मग खिडकीपाशी दोन. मग आणखी.

सहा.

पुढच्या रांगेतली, माझं अक्षर न् अक्षर वहीत उतरवून घेणारी, हात वर धरून रडत होती. म्हटलं, अहो, आजच डॉक्टरांकडे जा, गोळ्या परत सुरू करता येतील.

"माझ्या नाही हो, ताई. मुलीच्या."